शब्दांत नसलेला कोल्हा

पोळ्याच्या आदल्या दिवशी वडवणीत उतरले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना झुली, गोंडे, माथोट्या, बेगडाची बाशिंगं टांगलेली. खाली पोत्यांवर शिंगांना लावायच्या रंगांचे डबे. बीडहून परळीकडे जाणाऱ्या गाड्या या सगळ्यातून वाट काढत पुढे सरकत होत्या. माझ्या खांद्याला पुस्तकांची जड पिशवी. संपादकांनी यंदाच्या अंकाचं सूत्र दिलं होतं, 'पाहणं'. मुलांच्या चित्रपुस्तकांवर लिहायचं हे मी तिथल्या तिथे ठरवलं. पुण्या-मुंबईच्या सजवलेल्या वाचनालयांवर पुष्कळ लिहून झालं आहे. मला पाहायचं होतं ते असं ठिकाण, जिथे निम्मी शाळा दिवाळीच्या सुमाराला रिकामी होते.

गावापासून थोडं पुढे, बालाघाटाच्या उताराला जिल्हा परिषदेची एक शाळा आहे. सरांनी दुसरी-तिसरीची मुलं ओसरीवर बसवली. मी पिशवीतून पॅट हचिन्स या ब्रिटिश लेखिका-चित्रकर्तीचं 'रोझीज वॉक' काढलं. गोष्ट एवढीच: रोझी नावाची कोंबडी फेरफटका मारायला निघते. अंगण ओलांडते, तळ्याला वळसा घालते, गवताच्या गंजीवरून, पिठाच्या गिरणीजवळून, कुंपणातून, मधमाश्यांच्या पेट्यांखालून जाते आणि जेवणाच्या वेळेला घरी परतते. सगळ्या पुस्तकात मिळून 32 इंग्रजी शब्द. आधी मी पुस्तक स्वतःकडे धरून नुसती गोष्ट मराठीत सांगितली. मुलांनी सभ्यपणे ऐकून घेतली. मग पुस्तक त्यांच्याकडे वळवलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

"मॅडम, मागं कोल्हा हाये!"

"मी तर कोल्हा वाचलाच नाही."

"तुमी वाचला नाई. पर हाये ना!"

खरंच आहे. पहिल्या पानापासून कोल्हा रोझीच्या मागावर आहे आणि एकाही ओळीत त्याचं नाव नाही. तो झेपावतो तेव्हा दाताळ्याचा दांडा उसळून त्याच्या तोंडावर बसतो. मग तो तळ्यात पडतो, गंजीत बुडतो, त्याच्या अंगावर पिठाचं पोतं रिकामं होतं. शब्द शांतपणे कोंबडीबरोबर चालत राहतात आणि सगळा दंगा चित्रात होतो. प्रत्येक झेपेनंतर मी पान उलटायला मुद्दाम उशीर करत होते. पुढची मुलं गुडघ्यांवर उभी राहिली, मागची त्यांना खाली दाबू लागली. पुस्तक संपल्यावर वाद सुरू झाला: कोल्हा मागे आहे हे रोझीला ठाऊक आहे का?

"ठाऊक हाये. म्हणून तर ती मुद्दाम पेट्यांखालून गेली."

"कोंबडीला काय कळतंय?"

एक मुलगी बराच वेळ गप्प होती. ती म्हणाली, "आमची कोंबडी मुंगूस दिसलं की सगळा वाडा डोक्यावर घेती. ही वरडतच नाई. म्हंजे हिला ठाऊक नाई."

या प्रश्नाचं उत्तर पुस्तकात नाही. जगभरची मुलं त्यावर भांडत आली आहेत. पण मुंगसाचा पुरावा मी वडवणीतच ऐकला.

अंकलिपीच्या पलीकडे

आपल्याकडे मुलाच्या हातात पडणारं पहिलं चित्रांचं पुस्तक म्हणजे अंकलिपी. अननस, आई, इमारत. ओळीने चौकोन, प्रत्येकात एक वस्तू, खाली तिचं नाव. या घराण्याचा मूळपुरुष फार जुना आहे. कोमेनियस या शिक्षणतज्ज्ञाने 1658 मध्ये लॅटिन शिकवण्यासाठी जगातल्या वस्तूंची चित्रं आणि नावं एकत्र छापली. अंकलिपीचे उपकार मोठे आहेत. पण तिच्यातलं चित्र नाव सांगून मोकळं होतं. अननस ओळखला की त्या चौकोनाकडे पुन्हा बघायचं कारण उरत नाही.

चित्रपुस्तकातलं चित्र तिथे थांबत नाही. ते शब्दांनी न सांगितलेलं सांगतं, कधी शब्दांच्या विरुद्ध सांगतं, कधी पुढच्या पानावर काय होणार याची खूण कोपऱ्यात ठेवून देतं. म्हणून गोष्टीच्या पुस्तकात मधूनमधून चित्रं घातली तर ते सचित्र पुस्तक होतं, चित्रपुस्तक होत नाही. कसोटी सोपी आहे. चित्रं झाकून नुसता मजकूर वाचा. गोष्ट पुरी कळली तर चित्रं तिथे पाहुणी आहेत. काहीतरी लंगडलं तर चित्रं घरातली आहेत.

यातली पुष्कळशी पुस्तकं 32 पानांची असतात, आणि त्यामागे छापखान्याचा हिशेब आहे. मोठा कागद दोन्ही बाजूंनी छापून घड्या घातल्या की 16 पानांचा फर्मा होतो; दोन फर्म्यांचं पुस्तक. त्या 32 पानांत समोरासमोरच्या जोड्या धरल्या तर लेखकाला जेमतेम डझन-दीड डझन प्रसंग मिळतात. मग कोणती गोष्ट उजव्या पानावर अडवायची आणि कोणती उलटल्यावर दाखवायची, यातच सगळी कारागिरी असते. रोझीच्या पुस्तकात एका जोडीवर कोल्हा झेप घेतो आणि पुढच्या जोडीवर आपटतो. मधे फक्त पान उलटणं आहे. ते मुलाच्या बोटात असतं, त्यामुळे कोल्ह्याला पाडण्याचं श्रेयही मुलाचंच.

आपण मोठी माणसं इथेच घाई करतो. शब्द संपले की पान संपलं असं समजून उलटतो. "चित्रं काय बघत बसलास, वाच की!" हे वाक्य मी लहानपणी ऐकलं आहे आणि, कबूल करायला हवं, माझ्या मुलाला ऐकवलंही आहे. चित्र बघणं म्हणजे वाचनातून चोरलेली सुट्टी, असा आपला समज आहे. ओसरीवरच्या त्या मुलांनी माझ्या आधी कोल्हा पाहिला तो वाचता येत नव्हतं म्हणून. त्यांचे डोळे ओळीला बांधलेले नव्हते.

दोन तुकड्यांचं वर्ष

सरांनी हजेरीपट दाखवला. दिवाळीपर्यंत चौकटी भरलेल्या, नंतर नावांपुढे विरळ. आणि गुढीपाडव्यानंतर हळूहळू पुन्हा भरत गेलेल्या.

बीड जिल्ह्यातून दरवर्षी लाखो माणसं ऊसतोडीला जातात. वडवणी, धारूर, केज, पाटोदा, शिरूर कासार, गेवराई हे सगळे तालुके त्यात आले. पावसाळ्यात मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते. इथे माणसं मोजायचं माप कोयता. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. दसऱ्यानंतर ट्रक, ट्रॅक्टर लागतात आणि संसार भरून टोळ्या सातारा, सांगली, कोल्हापूर, थेट बेळगावकडे निघतात. कुणी बैल घेऊन टायरगाडीवर जातं. म्हणून इथल्या पोळ्यात नुसती हौस नसते, पुढच्या सहा महिन्यांचा घोर असतो. फडाजवळच्या मोकळ्या जागेवर, थळावर, पाचटाच्या कोप्या उभ्या राहतात. कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की मार्च-एप्रिलमध्ये परत.

मुलांचं काय करायचं याची उत्तरं वर्षानुवर्षं शोधली जात आहेत. साखर कारखान्यांजवळ साखरशाळा झाल्या. शाळा व्यवस्थापन समितीमार्फत गावातच हंगामी वसतिगृहं चालतात. मूल आजीआजोबांकडे राहतं आणि जेवण तिथून मिळतं. स्थलांतर करणाऱ्या मुलाला दुसऱ्या शाळेत बसता यावं म्हणून शिक्षण हमी कार्ड आहे. तरीही पुष्कळ मुलं आईबापाबरोबर जातात. मागे ठेवायला आजी नसते, किंवा कोपीत धाकट्याला सांभाळायला थोरली लागते.

मला जे समजून घ्यायचं होतं ते सरांनी एका वाक्यात सांगितलं: "तिसरीतल्या पोराचं डोकं तिसरीच्या पुढं असतं, अक्षर पहिलीत अडकलेलं असतं." डोकं पुढे कसं? त्याने ट्रकच्या टपावरून चार जिल्हे पाहिलेले असतात. आई पहाटे कोयता घेऊन गेली की चूल आणि बाळ दोन्ही सांभाळलेली असतात, मोळ्या मोजलेल्या असतात, उचल आणि फिटलेली रक्कम यातला फरक त्याला कळतो. अशा मुलापुढे आपण "कमल नमन कर" ठेवतो. त्याला अक्षर येत नाही म्हणून त्याला कळतच नाही असं धरून चालतो. अपमान ते बोलून दाखवत नाही, पुस्तक बंद करतं.

ही दरी भरायला चित्रपुस्तक मला सगळ्यात योग्य वाटतं. त्यात अक्षरं थोडी असतात, पण अर्थ थोडा नसतो. चांगलं चित्रपुस्तक सहा वर्षांच्या आणि बारा वर्षांच्या मुलाला एकाच वेळी पुरतं. बारा वर्षांच्याने ते हातात घेतलं तर कुणी हसायचं कारण नसतं.

मिळतं कुठे?

बाजारपेठेतल्या तीन स्टेशनरी दुकानांत विचारलं. अंकलिपी होती, चित्रं रंगवायच्या वह्या होत्या, गाइडं होती, शिष्यवृत्तीच्या प्रश्नपत्रिकांचे संच होते. "गोष्टीची चित्रांची पुस्तकं?" एका दुकानदाराने कोपऱ्यातून पंचतंत्र काढलं. संगणकावर जुळवलेले चकचकीत सिंह आणि ससे, शेवटी ठळक अक्षरांत तात्पर्य. दुकानदाराचा दोष नाही. जे विकलं जात नाही ते कोण ठेवणार? आणि जे दिसत नाही ते कोण मागणार?

मराठीत ही पुस्तकं नाहीत असं नाही. 1957 मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल बुक ट्रस्टने नेहरू बाल पुस्तकालय मालिकेतून मराठीसह अनेक भारतीय भाषांमध्ये स्वस्त आणि देखणी पुस्तकं आणली. मिकी पटेल यांनी लिहिलेली आणि चितारलेली, आपल्या करड्या रंगावर खट्टू झालेली रूपा हत्तीण त्यातलीच. चेन्नईचं तूलिका 1996 पासून चित्रपुस्तकं काढतं आणि ज्या नऊ भाषांत ती निघतात त्यात मराठी आहे. 2004 मध्ये सुरू झालेल्या प्रथम बुक्सने किंमत कमी ठेवून हजारो शाळांपर्यंत पुस्तकं नेली. 2015 मध्ये त्यांनी स्टोरीवीव्हर हे खुलं दालन सुरू केलं. तिथली मराठी पुस्तकं फुकट वाचता येतात, उतरवून घेता येतात, छापताही येतात. 'किशोर' मासिक बालभारतीने 1971 मध्ये सुरू केलं. त्याचे जुने अंक आता मोबाइलवर पाहायला मिळतात.

आणि माधुरी पुरंदरे. त्या मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये आणि पुढे पॅरिसमध्ये शिकल्या. स्वतः लिहायचं आणि स्वतःच काढायचं ही त्यांची रीत, त्यामुळे शब्द कुठे थांबवायचा आणि रेषा कुठे पुढे न्यायची हे एकाच हाताला ठाऊक असतं. ज्योत्स्ना प्रकाशनाने काढलेली 'राधाचं घर', यशच्या गोष्टी, 'चित्रवाचन' ही पुस्तकं मी सोबत नेली होती. त्यांना 2014 मध्ये साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला आणि 2016 मध्ये टाटा ट्रस्ट्सच्या पराग उपक्रमाचा पहिला बिग लिटल बुक पुरस्कार. त्यांच्या पुस्तकांत कुणी मुलाला शहाणं करायला निघालेलं नसतं. घरातली माणसं घरातल्यासारखी बसलेली, वाकलेली, कंटाळलेली असतात. तीन मुली 'चित्रवाचन' मधे ठेवून पालथ्या पडल्या आणि पाऊण तास उठल्या नाहीत. गर्दीच्या चित्रात त्या माणसांची नाती लावत होत्या. "ही हिची सासू हाये. बग की, कशी बघायलीय!" सासू आहे असं पुस्तकात कुठेही लिहिलेलं नाही.

कपाटाची किल्ली

पुस्तकं शाळेपर्यंत पोचतात. पुढचा रस्ता अवघड असतो. याच दौऱ्यात मी आणखी एका शाळेत गेले. नाव सांगत नाही. तिथे चित्रपुस्तकांचे दोन गठ्ठे लोखंडी कपाटात होते. काहींच्या पिना अजून इतक्या घट्ट की पुस्तक उघडलं की आपोआप मिटत होतं. कुणी उघडलेलंच नव्हतं ते.

कारण विचारलं. बाईंनी साठा नोंदवही पुढे ठेवली. प्रत्येक पुस्तकाला क्रमांक आहे. बदली झाली की पदभार देताना ते मोजून द्यावं लागतं. फाटलं, हरवलं तर निर्लेखन करावं लागतं. त्याचा ठराव, यादी, मंजुरी. दोन वर्गांना एकटी शिकवणारी बाई एवढं कशाला अंगावर घेईल? कपाट बंद राहिलं तर सगळं जागेवर असतं. मला त्यांचा राग आला नाही. वापरून फाटलेल्या पुस्तकाची चौकशी होते आणि न उघडलेल्या पुस्तकाबद्दल कुणी विचारत नाही, ही व्यवस्थाच उलटी आहे. खरं तर पाच वर्षांत एकही चित्रपुस्तक फाटलं नाही तर त्या शाळेला कारण विचारायला हवं.

उतारावरच्या शाळेतल्या सरांनी वेगळी वाट काढली आहे. वर्गात भिंतीभिंतीला सुतळी बांधली आहे आणि पुस्तकं चिमट्यांनी अडकवली आहेत, धुण्यासारखी. मुखपृष्ठ समोर. कपाटात पुस्तकाचा कणा दिसतो. ज्याला वाचता येत नाही त्याला कण्यावरून काय कळणार? चिकटपट्टीचं रीळ मुलांच्याच ताब्यात असतं. शनिवारी 'दवाखाना' भरतो. पान सुटलेलं पुस्तक पेशंट, त्याला चौथीची मुलं पट्टी लावतात. निर्लेखनाची वेळ दोनदाच आली, असं सर म्हणाले.

वाचायची त्यांची पद्धतही पाहण्यासारखी होती. नव्या पुस्तकातले शब्द ते आधी कागदाच्या पट्टीने झाकतात. पहिल्या फेरीत फक्त बघायचं. मुखपृष्ठावर काय दिसतं, आतलं कोरं रंगीत पान त्या रंगाचं का असेल, हेही. दुसऱ्या फेरीत मुलांनी गोष्ट सांगायची. तिसऱ्या फेरीत पट्टी काढून लेखकाची गोष्ट वाचायची. "कधी कधी पोरांची जास्त चांगली असते," सर म्हणाले. शेवटी "काय शिकलात?" हा प्रश्न ते विचारत नाहीत. पूर्वी विचारायचे. मुलं गोष्ट ऐकतानाच तात्पर्याची तयारी करतात आणि चित्र बघायचं सोडतात, असं लक्षात आल्यावर थांबवलं.

चौकटींमधली कोरी पट्टी

दुपारी सातवीच्या मुलांबरोबर बसले. शाळा सातवीपर्यंत आहे. इथे पिशवीतला दुसरा कप्पा उघडायचा होता, चित्रकादंबऱ्यांचा.

चौकटीतल्या गोष्टी आपल्याला नव्या नाहीत. अनंत पै यांनी 1967 मध्ये सुरू केलेली अमर चित्र कथा मराठीतही आली. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा 'चिंटू' 1991 मध्ये 'सकाळ'मध्ये अवतरला आणि सकाळच्या चहाबरोबर वाचला जाऊ लागला. तरीही घराघरांत 'कॉमिक' म्हणजे अभ्यास बुडवणारी वस्तू. आर्ट स्पिगलमन यांच्या 'माउस' या चित्रकादंबरीला 1992 मध्ये पुलित्झर पुरस्कार मिळाला. नाझी छळछावणीतून वाचलेल्या वडिलांची ती कहाणी, ज्यूंचे उंदीर आणि नाझींची मांजरं करून सांगितलेली. चौकटीत काय मावतं याबद्दल जगाचं मत तेव्हापासून बरंच बदललं. आपलं बदलायचं आहे.

चौकटी वाचणं हे सोपं काम नाही. स्कॉट मॅक्लाउड या अमेरिकी चित्रकाराने 1993 च्या 'अंडरस्टँडिंग कॉमिक्स'मध्ये ते चित्रांतूनच समजावलं आहे. दोन चौकटींच्या मधे जी कोरी पट्टी असते तिथे वाचक काम करतो. पहिल्या चौकटीत हात उगारलेला, दुसऱ्या चौकटीत भिंतीवर किंकाळी. मधला वार कुणी काढलेला नसतो. तो वाचकाच्या डोक्यात होतो. कारण जोडणं, वेळेचा अंदाज बांधणं, चेहऱ्यावरून मन ओळखणं, हे सगळं मूल त्या पट्टीत करतं.

'भीमायन' मी मुद्दाम नेलं होतं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या आयुष्यातले अस्पृश्यतेचे प्रसंग दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांनी त्यात चितारले आहेत. 2011 मध्ये नवयान प्रकाशनाने ते काढलं. व्याम दांपत्याने सरळ चौकटी वापरल्याच नाहीत. त्यांच्याकडे घराच्या भिंतींवर काढतात त्या दिग्नांच्या नक्षीने पानं विभागली. बोलण्याचे फुगेही दोन तऱ्हांचे. मायेने बोलणाऱ्याचा फुगा पक्ष्याच्या आकाराचा, विषारी बोलणाऱ्याच्या फुग्याला विंचवाची नांगी. मी हे सांगितलं नाही, इंग्रजी मजकूरही वाचला नाही. पाच-सहा पानांनंतर एक मुलगा म्हणाला, "ज्याला नांगी हाये तो वंगाळ बोलायलाय." त्यानंतर ते नांग्या मोजत पुढे गेले. मजकूर मराठीत वाचून दाखवला तेव्हा वर्गात आवाज नव्हता. पाण्यावरून अपमान म्हणजे काय हे इथे कुणाला टीप देऊन सांगावं लागत नाही.

मग शॉन टॅन यांचं 'द अरायव्हल' काढलं. ऑस्ट्रेलियातल्या या चित्रकाराने 2006 मध्ये केलेली ही चित्रकादंबरी पूर्ण निःशब्द आहे. एक माणूस बायको आणि लहान मुलीला मागे ठेवून दूर देशी कामाला जातो. सुरुवातीलाच घरातल्या वस्तू एकेका चौकटीत येतात: घड्याळ, टोपी, मुलीने काढलेलं चित्र, किटली, पेटी. तो घरच्यांची तसबीर कागदात गुंडाळून पेटीत ठेवतो. नवा देश विचित्र आहे. इमारती, फळं, प्राणी, सगळं अनोळखी. पाट्यांवरची लिपी टॅन यांनी स्वतः बनवलेली आहे, म्हणजे ती त्या माणसाला येत नाही आणि वाचणाऱ्यालाही येत नाही. त्याला भाकरी मागायची तर चित्र काढून दाखवावं लागतं. भिंतीवर पत्रकं चिकटवायचं काम मिळतं, तर तो ती उलटी चिकटवतो.

त्या पानावर शेवटच्या रांगेतला मुलगा पुढे आला. दोन हंगाम तो बेळगावकडे होता. "मॅडम, आमी बी असंच. दुकानावर समदं कानडी. माझा बाप साबण मागायचा तर असं करायचा," आणि त्याने दोन्ही तळहात एकमेकांवर घासून दाखवले. कुणी हसलं नाही. मग एकेक जण सांगू लागला. त्या माणसाने पेटीत काय ठेवलं होतं, त्याऐवजी आपण काय ठेवतो. परात. बाजरीचं पीठ. देवाचा टाक. धाकट्याची झोळी बांधायची साडी. टॅन यांच्या नऊ वस्तूंच्या पानाशेजारी वर्गाने स्वतःचं पान बोलून दाखवलं. त्या मुलाला सलग वाचता येत नाही असं सरांनी नंतर सांगितलं. तासभर तोच आम्हाला वाचून दाखवत होता.

दिव्यामागची चित्रं

हे सगळं परकं आहे का? सिंधुदुर्गातल्या पिंगुळीचे ठाकर चित्रकथी चित्रांची पोथी मांडून, एकेक पान पुढे सरकवत, वाद्यांच्या साथीने रामायण-महाभारतातली आख्यानं लावत आले. त्या परंपरेतले परशुराम गंगावणे यांना 2021 मध्ये पद्मश्री मिळाली. मराठवाड्यातल्या पैठणच्या नावाने ओळखली जाणारी मोठ्या डोळ्यांची, ठाशीव रंगांची चित्रंही अशीच आख्यानाची. पुण्याच्या केळकर संग्रहालयात ती पाहायला मिळतात. पान धरणारा, सांगणारा आणि बघणारा गाव, एवढ्यावर गोष्ट उभी राहायची. बघणाऱ्याला अक्षर यायलाच हवं अशी अट नव्हती.

ही अट नाही, याचा खरा अर्थ मला संध्याकाळी कळला. मुंगसाचा पुरावा देणारी ती मुलगी पुस्तक घेऊन घरी निघाली आणि मलाही घेऊन गेली. दारात शिंगांना रंग लावायचं चाललं होतं. तिची आई चुलीशी होती. "मावशी, वाचता का?" विचारलं. "नाई हो ताई, अंगठा." मुलीने तोवर पुस्तक तिच्या गुडघ्यावर ठेवलं होतं. शेतावरची गोष्ट होती, बैलगाडीची. आईने हात पदराला पुसले, एक पान बघितलं, दुसरं बघितलं आणि बोट ठेवलं. "ह्या बैलाला वेसणच नाई. असा गाडीला कसा चालंल?" मग मागचं पान काढून पाहिलं. तिथेही नव्हती. "ज्यानं काढलं त्यानं बैल धरला नाई कधी." नवरा हातातली रंगाची काडी घेऊन वाकून बघायला आला. आईने पुस्तक शेवटपर्यंत पाहिलं, पोरीला दोन ठिकाणी थांबवून विचारलं, "मग?" आणि एका ठिकाणी तीच म्हणाली, "थांब, उलटू नको."

पुस्तकातली चूक काढणारी ती बाई माझ्या मते त्या दिवसातली सगळ्यात चोख वाचक. अक्षरांच्या पुस्तकाने तिला आयुष्यभर बाहेर उभं केलं होतं. मुलाला घरी वाचून दाखवा, असं आपण पालकसभेत सांगतो तेव्हा या घरात मान खाली जाते. चित्रपुस्तक दिलं तर आई वाचून दाखवू शकते, आणि तेही स्वतःच्या भाषेत. आसपासच्या बंजारा तांड्यांवरच्या घरात गोरमाटीत. पुस्तक मराठी असो की जपानी, चित्राला बोली विचारावी लागत नाही.

एक खंत मात्र राहिली. मी नेलेल्या तीसेक पुस्तकांत शेत होतं, डोंगर होता, आजोळ होतं, शहरातली गच्ची होती. कोपी नव्हती. पाचटाची घरं, पहाटेची थंडी, मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढणारी आई, वाढे, म्हणजे उसाचे शेंडे, विकून येणारे पैसे, ट्रकच्या टपावरचं आभाळ. चित्रकाराला याहून काय हवं? दया दाखवणारं पुस्तक नको. रोझीसारखं एखादं हवं, थळावर घडणारं, ज्यात मुलं लेखकाच्या आधी कोल्हा पाहतील.

परत करण्याची तारीख

निघायच्या आधी सरांनी पुस्तकांच्या देवघेवीची वही काढली. तीन वर्षांपूर्वी त्यांनी ठरवलं की टोळीबरोबर जाणाऱ्या मुलांना प्रत्येकी दोन चित्रपुस्तकं द्यायची. वाचन प्रेरणा दिन 15 ऑक्टोबरला असतो. अब्दुल कलामांचा जन्मदिवस. त्याच सुमाराला जाणाऱ्यांची नावं नक्की होतात, म्हणून वाटप त्या दिवशी. सुतळीवरून मुलं स्वतः निवडतात. वहीत पुस्तकाचं नाव, मुलाचं नाव, दिल्याची तारीख आणि परत करण्याची तारीख असे चार रकाने. चौथ्या रकान्यात ओळीने एकच मजकूर होता, सरांच्या ठसठशीत अक्षरात: पट्टा पडल्यावर.

"येतात परत?"

"बहुतेक येतात. एक बैलाने खाल्लं."

परत आलेल्यांचा गठ्ठा त्यांनी वेगळा ठेवला आहे. कडा धुराने पिवळ्या, पानांत बारीक माती, एकावर दुधाचा डाग. एक पुस्तक त्यांनी शेवटून उघडलं. मागच्या कोऱ्या पानावर कुणीतरी बॉलपेनने चित्र काढलं होतं: शेजारीशेजारी चार कोप्या, एकीतून निघणारा धूर, टायरगाडी, मोकळे सोडलेले दोन बैल, आणि दोन्ही बैलांना वेसण. साठा नोंदवहीच्या हिशेबाने पुस्तक खराब झालं. सरांनी त्याची नोंद केली नाही, पुन्हा सुतळीला अडकवलं.

बाहेर पोरं थांबली होती. दुसरीतल्या एकाने ते पुस्तक माझ्या हातातून घेतलं आणि मला वाचून दाखवायला बसला. छापलेली गोष्ट संपली. तो थांबला नाही. पान उलटून बॉलपेनच्या कोप्यांवर बोट ठेवलं आणि म्हणाला, "मग ते समदे थळावर गेले. ही आमची."